गेटवरचा शब्द

धुळ्याच्या जेलमध्ये, मे महिन्यात, तीन दिवस
आम्हाला माणूसपण शिकवायचं ठरलं.
असं बडगुजर म्हणाला. परिपत्रकात शब्द वेगळे होते.
हॉलमध्ये कूलर होता, त्यात पाणी भरायला कैदीच होता,
आणि पहिल्याच तासाला लाइट गेली,
पडद्यावरचं चित्र विझलं.

खैरनार बाई नाशिकहून आलेल्या.
छातीवरची पट्टी वाचून म्हणाल्या, आधार? छान नाव.
मी म्हटलं, माझ्याआधीचे दोघं जगले नाहीत,
म्हणून ठेवलंय. कामाशी संबंध नाही.
सगळे हसले. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी खुर्च्या बाजूला सारल्या.
म्हणाल्या, बसा. जोडीनं. रोज बसवता तसे.
सतरा वर्षं मी हा हुकूम दिलाय,
खालून कधी ऐकला नव्हता.
उकिडवा बसलो. गुडघे करकरले.
शेजारी सुभेदार, पोट मांडीवर.
बडगुजर मोजत आला, दोन, चार, सहा,
गंमत म्हणून माझ्या टाळूला रूळ टेकवून पुढं गेला.
नुसता टेकवला. लागला नाही.
पण रात्री बायको डोक्याला तेल लावायला बसली
तेव्हा त्या जागेवर येण्याआधी
मी तिचा हात धरून ठेवला थोडा वेळ.

तिसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं,
सुटणाऱ्याशी शेवटचं काय बोलता?
कुणी सांगेना.
घरातून निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं;
चोर असो, शिपाई असो, आई एकच शिकवते.
गेटवर पिशवी उचलताना सवयीनं निघून जातं तोंडून,
येतो साहेब.
आणि आम्ही म्हणतो, ये ये, जागा धरून ठेवतो.
हसत म्हणतो हो. वाईट मनानं नाही.

प्रमाणपत्र मिळालं, केळीचे वेफर्स मिळाले.
चौथ्या दिवशी ड्यूटी तीच.
फक्त मोजताना मी रूळ कमरेला ठेवला,
दोनदा चुकलो, जेलर ओरडले.

जूनमध्ये हिलाल सुटला. सावद्याचा, सुतारकामाचा हात.
मजुरीचे पैसे पाकिटात, कार्ड कुठंच नाही.
"आधार लागतो म्हणे, दादा, सगळीकडे."
म्हटलं, हा माझा नंबर घे, तोवर यावर भागव.
दिंडीतून वाकून त्यानं पाय बाहेर टाकला,
ऊन एवढं की डोळे मिटले,
मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, येस दादा.

जुना विनोद जिभेवर आलाच होता.
मी म्हटलं, हिलाल, इथं जास म्हणावं.
तो घाबरला. अपशकुन व्हतो, दादा.
म्हटलं, या एका दारात नाही.

शिरपूरची एसटी धूळ उडवत गेली.
ती बसल्यावर, हळूच,
भलत्याच भाषेतला शब्द उच्चारावा तसं:
जास.
आणि चार पावलं पाठ न वळवता चालला.

पोळ्याला मेव्हण्याकडे सावद्याला गेलो.
वखारीच्या कडेला हिलाल रंधा मारत होता, कानावर पेन्सिल.
चहा मागवला. मालकाला म्हणाला, हे आमच्या ओळखीचे.
कुठली ओळख, ते त्यानं विचारलं नाही.
मी उठलो. गुडघे करकरले.
म्हटलं, येतो.
"या की," हिलाल म्हणाला, मान वर न करता;
रंध्यातून एक लांब छिलका निघत होता,
तो त्याला मध्येच तुटू द्यायचा नव्हता.