बारीक दळण

मंगळावर सूर्य मावळतानाचं चित्र
मी सकाळी सव्वानऊला उघडलं,
मानेवाड्यात, एका हाताने कूलरमध्ये पाइप धरून.
तिथलं आभाळ दिवसभर गुळाच्या पाकासारखं,
फक्त मावळतीला सूर्याच्या अंगालगत निळं.
स्टोव्हच्या ज्योतीएवढंच निळं.

धूळ किती उजेड खाते
त्या आकड्याला आम्ही टाऊ म्हणतो.
टाऊ अर्धा, म्हणजे बरा दिवस.
टाऊ एक, म्हणजे थेट येणाऱ्या उजेडातले
रुपयामागे त्रेसष्ट पैसे वाटेतच गेले.
दहाच्या वर गेला त्या वर्षी
तिथे फिरणारी एक गाडी झोपली, ती उठलीच नाही.
खानझोडे मॅडम म्हणतात, प्रबंधात झोपली लिहू नका,
संपर्क तुटला, असं लिहा.

बाबांची गिरणी दहा बाय बाराची.
पत्र्याला एक भोक. अकराच्या सुमाराला
त्यातून उन्हाची काठी आत उतरते
आणि पट्टा फिरायला लागला की जाड होते.
लहानपणी मी ती धरायला जायची.
बाबांच्या भुवया, वजनकाटा,
एप्रिलवरच थांबलेलं कॅलेंडर, सगळं एकाच रंगाचं.
ते चिमटीत पीठ घेऊन अंगठ्याने चोळतात, म्हणतात,
जाडं राह्यलं. किंवा काहीच म्हणत नाहीत,
म्हणजे जमलं.

माझ्या चिमटीत काही येत नाही.
वीस कोटी किलोमीटरवरची धूळ,
दीड मायक्रॉन, तेही अंदाजाने.
त्या निळ्या कडेकडे बघून मी ठरवते
कण केवढा असेल.

एकदा त्यांनी विचारलं,
तिथं पाणी नाही पडत?
नाही.
मंग बसते कशी थे?
आपोआप. महिने लागतात.
अन् झाडते कोन?
वावटळ, मी म्हटलं. कधी कधी
गाडीच्या सौर तावदानावरून वावटळ जाते,
दुसऱ्या दिवशी वीज वाढलेली असते.
फुकटात?
फुकटात.
तीन दळणं होईपर्यंत ते स्वतःशी हसत होते.

मार्चपासून कोरडा खोकला.
मेडिकलच्या ओपीडीत चौऱ्याण्णव नंबर,
भिंतीवर पंखा, त्याच्या पात्यांवर काळी लव.
डॉक्टर मुलगी माझ्याच वयाची.
तिने एक्स-रे खिडकीकडे धरला,
बाहेर सेहेचाळीस डिग्रीचं पांढरं आभाळ,
आणि माझी नजर सवयीने
किती उजेड पार होतोय ते मोजायला लागली.
उजवीकडे खाली जास्त. डावीकडे कमी.
कडेला निळं नव्हतं काही.
जाड धूळ नाकातच अडते, ती सांगत होती,
बारीक असते ना, ती खोल जाते.
बाबा मान हलवत होते,
शाळेच्या मास्तरांसमोर हलवतात तशी.

मास्क आणून दिला.
तो वजनकाट्याच्या खुंटीला लटकतो,
त्याच्या आत आता पाव चमचा पीठ आहे.

आज अकराला मी गिरणीत उभी राहिले.
भोकाखाली पांढरा कागद ठेवला, फोनने फोटो घेतले,
पट्टा बंद असताना चार, चालू असताना चार.
पराते काकू डबा घेऊन बाजूला झाल्या,
म्हणाल्या, पोरगी काय करून राह्यली?
अभ्यास, बाबा म्हणाले. मंगळाचा.
मी पिठाच्या पोत्यावर बसून भागाकार केला,
लॉग घेतला,
पुन्हा एकदा करून पाहिला.

पट्ट्याच्या आवाजावरून ओरडले, किती निघालं?
मी आकडा नाही सांगितला.
म्हटलं, बारीक आहे, बाबा.
खूप बारीक.

त्यांनी भुवयांवरचं पीठ पुसलं,
गालात हसले,
चाळीस वर्षं झाली, म्हणाले,
आपलं दळण बारीकच असते,
आणि काकूंचे गहू वर ओतले.
उन्हाची काठी पुन्हा जाड झाली.