नऊ वाव

लर्विकच्या अभिलेखागारात पेन चालत नाही, पेन्सिल देतात,
तीही बोथट. मी पर्समधल्या चाकूने तासली.
काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, बोलल्या नाहीत.

मला फक्त एक तारीख हवी होती.
नातीला शाळेत वंशवृक्ष काढायचाय
आणि माझ्या पणजोबाची फांदी अर्धीच राहिलेली:
गिडियन माउआट, समुद्रात बुडाला.
आमच्या अन्स्ट बेटावर यात नवल नाही.
दर तिसऱ्या फांदीला मीठ लागलेलं.
दगडावर दोन भावांची नावं आहेत, लॉरी आणि गिडियन,
एकच जुलै, एकच होडी.
लहानपणी त्या दगडावर बसून मी पाव खाल्लाय.

तारीख मिळाली नाही.
मिळालं मॉन्ट्रोजच्या वेड्यांच्या इस्पितळाचं चोपडं,
आणि त्यात हा बुडालेला माणूस
वादळानंतर एकोणीस वर्षं
रोज सकाळी लापशी खात होता.

डॉक्टरचं अक्षर घाईचं.
"कोळी. वय तेहतीस. शांत.
म्हणतो, दोर तुटला नाही, मी कापला.
कोणता दोर, विचारलं की भिंतीकडे वळतो."

मी खिडकीकडे वळले.
दोर कोणता, हे आम्हाला सांगावं लागत नाही.
शेकडो गळांचा लांब दोर,
त्यात माणूस गुरफटला की तो होडीलाही खाली बोलावतो.
होडीत आणखी चौघं होते. चौघं घरी आले.
लॉरी आला नाही.
गिडियन आला, तो असा आला.

आजी सांगायची, ती लहान असताना दर शनिवारी
दाराच्या कडीला एक हॅडॉक टांगलेला असायचा.
कोणी टांगला, तिची आई विचारायची नाही,
नुसता साफ करायला घ्यायची.
म्हणजे गावभर ठाऊक होतं, आमच्या घरातच तेवढं नाही.
झाकली मूठ. मुठीत चाकू.

पुढचं पान. "पत्नी भेटीस आली. शाल आणली."
अन्स्टची शाल, अंगठीतून आरपार जाणारी.
एकीला अख्खा हिवाळा लागतो, आणि डोळे.
ओस्ला पणजी दक्षिणेला शाली विकायला जायची
हे तर घरात सगळ्यांनाच माहीत होतं.
परतली की म्हणायची, यंदा भाव आला नाही.

"रुग्णाने शाल उसवली. धाग्यांचा दोर वळतो.
हात पसरून मोजतो. नऊ वाव भरले की थांबतो.
पुन्हा उसवतो."

पाच वर्षांनी पुन्हा शाल. त्यानंतर आणखी एक.
तिच्या विणीचं तिथे काय होतं, तिला सांगितलंच असणार.
तरी पुढची शाल तिने जाड लोकरीची केली नाही,
एक टाका वाचवला नाही.
चोपड्यात दर वेळी तोच शेरा: "अतिशय नाजूक काम."

चौथ्या भेटीची नोंद एका ओळीची.
तो जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.
घरी पत्र पाठवू नये, असं पहिल्याच दिवशी
तिनेच लिहून दिलेलं.
शाल ठेवून गेली की परत घेऊन गेली,
कारकुनाने लिहिलं नाही.

तारीख आता आहे. अकरा जानेवारी, पहाटे, फुप्फुसं.
मुलगा फोनवर विचारतो, मग दगड बदलायचा का?
मी म्हणते, बघू.
नातीच्या कागदावर काय लिहायचं?
तेही बघू.

परतीच्या फेरीबोटीवर गाडी चढवताना
धक्क्यावर त्या चौघांपैकी एकाचा पणतू उभा होता,
नाकावरून कळतात ते लोक.
"सापडलं का काही?" त्याने विचारलं.
मी काच खाली केली. वारा फार होता.
त्यालाही ऐकायची घाई नसावी;
त्याने खुंटावरचा दोर सोडवला
आणि भराभरा वेटोळं घातलं,
एकही वाव न मोजता.