नवलकोल

मंडईत, आठ नंबरच्या खांबापाशी
हौसाबाई झगडे बसते.
पुढ्यात ओलं पोतं, पोत्यावर नवलकोल :
फिके हिरवे, मुठीएवढे,
अंगभर देठ तुटल्याच्या खुणा.

मी कोशाच्या कचेरीत मुद्रितं तपासतो.
कालपासून 'न'वर अडकलोय.
नवरा, नवरी, नवल, नवलकोल.
नोंद एवढीच : मूळ डच. 'क्नोल' म्हणजे गड्डा, 'कोल' म्हणजे कोबी.
आणि समासात संपादकांचा पेन्सिलीतला प्रश्न :
मग 'नवल' कुठून?

कपाटांत उत्तर नव्हतं,
म्हणून जेवणाच्या सुट्टीत इकडे आलो.

"त्यात कसलं नवल," ती म्हणाली
आणि स्वतःच हसली.
"सासूबाई लष्करात पाटी घिऊन जायच्या.
सायबाचा खानसामा इचारायचा, नोलकोल हाय का, नोलकोल?
त्यांच्या तोंडात काय ते बसंना.
गड्डा म्हनावा, तर मातीत न्हाई.
कोबी म्हनावा, तर पानात न्हाई.
देठच फुगून बसलाय वर, उघड्यावर.
मग काय म्हननार मानूस?"

मी बसच्या तिकिटामागे लिहून घेतलं.
हे चालणार नाही, माहीत होतं.
संपादक साल विचारतील,
ग्रंथ विचारतील, पान विचारतील.

"तुमच्या पुस्तकात गड्डा लिवलंय न्हवं?
ते त्याचं म्हायेरचं नाव आसंल.
हितं आल्यावर तांदळात नवं काढलं."

तिचं बोट पोत्यावरच्या पाण्यात
काहीतरी गिरवत होतं.
"सासवडात बैलगाडीतनं उतरले तवा मी तान्हू हुते.
सांजंला हौसा झाले.
तान्हू म्हननारा एक भाऊ हुता.
गेल्या साली त्योबी…"

गिऱ्हाईक आलं.
तिनं मेथीचा भाव सांगितला, जुडी झटकली,
पाणी माझ्या चपलांवर उडालं.
माझ्या पिशवीत दोन गड्डे टाकले, पाल्यासकट.
"पाला फेकू नका. त्योच ग्वाड."

कचेरीत परतून
पेन्सिलीतल्या प्रश्नापुढे शाईनं लिहिलं : लोकव्युत्पत्ती.
बरोबर शब्द आहे, शास्त्राला धरून.
हौसाबाई मात्र त्यात मावत नाही,
आणि पाटी तर नाहीच नाही.
पुढची नोंद : नवस.

रात्री साल जाड निघाली,
आत पांढरं, करकरीत, पाण्यानं भरलेलं.
पाल्याला पीठ पेरलं.
कुकर लावायचा म्हणून ताटलीत तांदूळ घेतले होते.
त्यांत बोटानं लिहून पाहिलं :
तान्हू.
'न'ला 'ह' जोडताना
चार दाणे ओट्यावर सांडले.

मग धुतले. तीन शिट्ट्या.