बट नंबर सतरा

परेड ग्राउंडच्या कडेला शस्त्रागाराची खिडकी.
गज जाड, कट्टा हातांनी गुळगुळीत झालेला.
एकोणतीस वर्षं मी आतल्या बाजूला.
बाहेर नुसते हात.

चौगुले फौजदारांच्या अंगठ्यावर तंबाखूचा पिवळा डाग,
आडनाईक बाईंच्या मनगटात एकच काचेची बांगडी,
आणि मगदूम साहेब, तळवा वर करून,
तीर्थ घ्यावं तसे.
"सतरा."
सही नंतर. आधी सतरा.

पिस्तुलं आली तेव्हा नवी पोरं तिकडं वळली.
चपटं, कमरेत रुतत नाही, गोळ्या दुप्पट.
मगदूम म्हणाले, "त्याचं पोट झाकलेलं असतंय रं.
हिचं चाक बाहेर काढलं की सहाची सहा घरं समोर.
रिकामं ते रिकामं दिसतंय."
मी म्हटलं, वजन बघा की साहेब.
"वजन पायजेच. मी इसरलो तर कंबर सांगती."

सरकारी होल्स्टर चालताना बोलायचं.
म्हणून सुभाषनगरात एका म्हाताऱ्याकडं नवं शिवायला टाकलं.
जन्मभर करकर वाजणारी पायताणं केलेला माणूस,
त्याला सांगितलं, आवाज येता कामा नये.
म्हातारा आठवडाभर हसत होता म्हणे.
मग केलं. मांजरासारखं.

मुठीच्या स्क्रूचे आटे गेले तेव्हा
मी उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून तसाच एक काढून घेतला.
चहावर. कशासाठी ते त्यानं विचारलं नाही.
हे कुठं लेखी नाही. आता आहे.

चांदमारीत साहेबांचे गुण बेताचेच.
आडनाईक बाई पाचातले पाच काळ्यात मारायच्या,
साहेब टाळ्या वाजवायचे, आणि स्वतःचा कागद घडी करून खिशात.

एकदा, कारखाने चालू होते तेव्हा,
उसाच्या ट्रॉल्या रात्रभर पुलावरून चाललेल्या,
पहाटे तीन दहाला तळवा खिडकीत आला.
या वेळी तळव्यात सतरा होती.
मी चाक उघडलं. सहा.
एकेकीच्या बुडावर बोट फिरवलं, एकीलाही टोचा नाही.
नळीतून चिंधी ओढली, पांढरी गेली, पांढरीच आली.
तरी साहेबांचा हात कट्ट्यावर वाजत होता,
त्या जुन्या होल्स्टरसारखा.

मी तांब्या पुढं केला.
अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं.
"हिची ओढ लांब हाय बघ," म्हणाले.
"चाप ओढतोय, ओढतोय, घोडा निम्म्यावर आलेला.
पुलाखाली अंधार. त्याच्या हातात काय हाय दिसंना.
आणि त्यो शिंकला."

मी काही बोललो नाही.
"शिंकला रं त्यो. पोरगं होतं. सर्दी झालेलं."

नोंदवहीत रकाने असतात.
दिल्या: सहा. परत आल्या: सहा.
शेरा: निरंक.
मीच लिहिलं, माझ्याच अक्षरात, तीन वाजून वीस मिनिटांनी.

साहेब निवृत्त होऊन आता गुळाच्या अडतीत हिशेब बघतात.
सतरा नंतर कुणी मागितली नाही.
खंडेनवमीला तिला झेंडू वाहायचो, इतरांना एक, तिला दोन.
एवढा पक्षपात चालतो.

मागच्या महिन्यात आदेश आला.
सगळ्या रिव्हॉल्व्हर तेलकागदात गुंडाळून, पेटीत, पुण्याला.
सोबत नोंदवह्या, मूळ प्रती.
यादी करता करता पान सापडलं.
तांब्याचा ओला गोल अजून कागदावर होता.

पेन्सिल काढली.
निरंक खोडलं नाही, सरकारी शब्द आहे.
त्याच्या शेजारी, बारीक अक्षरात, लिहिलं:
पोरगा शिंकला.

काल पुण्याहून फोन.
कोणी तरुण कारकून, आवाजात नवी खुर्ची.
"अमुक पान, अमुक तारीख. हे काय लिहिलंय?"

"शेरा आहे," म्हटलं.