शून्याची चूक

बत्तीस वर्षं मी टेबलावर बसलो.
दिवसा फिजिक्सच्या लॅबमध्ये व्हर्नियर मोजून द्यायचो,
संध्याकाळी कोर्टाच्या कडेला
लाल आणि काळ्या पेनने गुण.
म्हणून लोक मलाच अडवतात,
कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला, डेअरीच्या रांगेत:
"खळदकर, खरं सांगा,
आपल्या कॉलेजचं बास्केटबॉल संपलं ना?"

पुण्यात काही संपायला फारसं लागत नाही.
एखाद्या हॉटेलने सांबार बदललं
की संपलं.

पण पुरावे आहेत, नाही कसं म्हणू.
यंदा पहिल्याच फेरीत बाहेर, चाळीस-एकाहत्तर,
आणि समोर कोण, तर हिंजवडीकडचं
परवा-परवा निघालेलं कॉलेज.
त्यांच्याकडे लाकडी कोर्ट.
आमच्याकडे तेच सिमेंट,
टेकडीकडची रिंग डावीकडे कललेली,
मधल्या रेषेपलीकडे प्राध्यापकांच्या स्कूटर.
पायऱ्यांवर एमपीएससीची मुलं अभ्यास करतात;
चेंडू आला तर पुस्तकातून डोकं न काढता
पाय वर घेतात.

केंजळे सरांच्या शोकसभेला
इतके माजी खेळाडू आले
की बारा-बाराचे दोन संघ करून वर पंच उरले असते.
सगळे एकच म्हणाले, आता ते राहिलं नाही.
ते म्हणजे काय, हे विचारायची गरज नव्हती.
ते म्हणजे एक्क्याण्णवची फायनल.
सदुसष्ट-सहासष्ट,
रणपिसेचा शेवटचा शॉट, तीन गुणांचा.

गोष्टीत तो शॉट दरवर्षी फूटभर मागे सरकतो.
परवा ऐकलं तेव्हा
रणपिसे जवळजवळ कँटीनच्या दारात उभा होता.

मला जागा माहीत आहे.
त्याच्या उजव्या बुटाचं टोक रेषेवर पडलं,
चुन्याचा बारीक धूर उडाला,
पंचांनी दोन बोटं दाखवली
आणि मी तीन लिहिले.
नऊ नंबर, भोवती गोल.
सहायक चहा सांगायला गेला होता.
गोंगाट फार होता, असं मी म्हणतो.
कुणाला म्हणतो? कुणी विचारलेलंच नाही.
पंचांनी न बघता सही केली,
तोवर ऑस्वल्डने सरांना खांद्यावर घेतलं होतं.

दोन धरले असते तर बरोबरी.
मग जादा पाच मिनिटं.
ती पाच मिनिटं कुणीच खेळलं नाही.
आम्ही जिंकलोही असतो, ऑस्वल्ड त्या दिवशी पेटला होता.
नसतोही.

बत्तीस बॅचना मी सांगत आलो
(शिकवत नाही म्हणत, तो हुद्दा माझा नव्हता)
की मोजमापाआधी जबडे मिटून बघा,
शून्य शून्यावर येतंय का.
नाही आलं तर पुढचं सगळं तेवढंच चुकेल,
अगदी नेटकं चुकेल.

ती शीट जिमखान्याच्या कपाटात आहे.
दुसरा हाफ वाळवीने खाल्ला,
नेमकी शेवटची ओळ सोडून.

गेल्या मंगळवारी अंधार पडता पडता
भिलारे नावाचा मुलगा एकटाच मारत होता
टेकडीकडच्या रिंगवर.
फर्स्ट इयर, चप्पल कडेला,
अनवाणी.
प्रत्येक चेंडू डावीकडे एक वीत सोडायचा
आणि आत.
मी म्हटलं, शिडी आणतो, रिंग सरळ करू.
तो म्हणाला, "नको काका,
पाहुण्यांना हे माहीत नसतं.
एवढाच तर आपला फायदा आहे."

सव्वीस मारले, एकोणीस आत.
पेन नव्हतं खिशात.
बोटांवर मोजले,
म्हणजे अठराही असतील.