मेण कधी ओतायचं

माझं काम हिशेबाचं. रांजण घडवतो आम्ब्रोसी, माझा नवरा,
माणूस आत उभा राहील एवढे, गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचे,
ज्यांत इमेरेतीची द्राक्षं हिवाळाभर स्वतःशी बोलत बसतात.

गेल्या साली तेलावीहून तीन परत आले.
पाझरतात, गिऱ्हाईक म्हणालं. जास्त काही बोललं नाही.
आम्ब्रोसीनं मातीला शिव्या दिल्या, मग लाकडाला,
मग गिऱ्हाइकाच्या आईला.

माझा भाचा बाद्री कुतैसीत बेकऱ्यांच्या भट्ट्या दुरुस्त करतो.
रविवारी जेवायला आला तो पिस्तुलासारखं काहीतरी घेऊन:
घोडा दाबला की लाल ठिपका पडतो, आकडा उमटतो.
"मेण कधी ओततोस, काका? किती अंशांवर?"
आम्ब्रोसीनं उलटा हात पुढे केला, केस जळालेला.
"यावर."

पालथ्या घड्यावर पाणी, मी मनात म्हटलं.
पण माझा नवरा पालथा नव्हे, आडवा.
आडव्या भांड्यात थोडं तरी शिरतं.

वहीच्या मागच्या पानावर मी दोन रकाने आखले,
डावीकडे हात काय म्हणतो, उजवीकडे पिस्तूल.
सात भट्ट्या.
गळ्याशी दोघांचं जुळायचं, पोटाशी नाही.
पोटापर्यंत हात कधी पोचलाच नव्हता, चाळीस वर्षं;
गळा सांगेल ते पोटाचं मानत आला होता.
वर निवलेलं, आत अजून धगधगतं,
आणि मेण मुरायच्या आधीच धूर.

आम्ब्रोसी काही बोलला नाही.
रात्री लांब काठीला चिंध्या बांधताना दिसला.
आता गळ्याला आधी मेण, पोटाला जेवण झाल्यावर.

पिस्तूल खर्चात लिहिलं. वाया गेलेलं मेण खर्चात.
पोट उशिरा निवतं, हे कुठे लिहू?
त्याला रकाना नाही.

पलीकडच्या वाख्तांगनं आकडा विचारला, यानं सरळ सांगितला.
महिन्यानं तो तणतणत आला: माझे तर अजून पाझरतात!
त्याची माती नदीपल्याडची, भिंती बोटभर जाड,
भट्टीचं तोंड वाऱ्याकडे.
मी त्याला आमची वही दाखवली, मग एक कोरी दिली.
दीड लारी घेतले.
तेवढे जमेला.