काटा विसाविसाने बोलतो

ऑक्टोबर सरला की धान्याचे ट्रक थांबतात,
मग माझ्या वजनकाट्यावर काहीही येतं:
बोट, भंगार, एकदा चर्चचा पियानो.
त्या संध्याकाळी हाल्वर ट्वेट आला,
आमच्या काउंटीतला शेवटचा नालबंद.
मागे घोडीचा ट्रेलर, शेजारी लेक सिग्ने,
दोघांच्या मधे कुत्रं.
मुक्काम माँटानाला, भावाकडे. कायमचा.

खिडकीतूनच दिसलं, पिकअप उलाळ झालाय.
मागचा बंपर जमिनीला टेकू पाहतोय, नाक वर,
आणि दिव्यांचा उजेड रस्त्यावर नाही,
कोठाराच्या माथ्यावरच्या कबुतरांवर.

"स्टिअरिंग कसं लागतंय?"
"हलकं. बोटाने फिरतंय."
"हे काही बरं नाही, हाल्वर."
"नऊ हजार पौंड ओढतो हा ट्रक!"
"ओढतो, खरंय.
पाठीवर किती घेतो ते विचारतेय."

सिग्नेने दार उघडलं.
खांबावर पिवळा कागद, कडा निघालेल्या:
माणसं आणि सामान मिळून
एक हजार पाचशे वीस पौंड, त्यावर नाही.
"माणसंसुद्धा?"
"माणसं, कुत्रं, थर्मासमधली कॉफी.
आणि हुकावर ट्रेलर जेवढा रेलतो, तेही."

ट्रक काट्यावर घेतला, ट्रेलर मागे मातीत.
आत टॅन्सीने या पायावरचा भार त्या पायावर घेतला
आणि आकडा वीसने उतरला, वीसने चढला.
माझा काटा विसाविसाने बोलतो.
घोडीचं ठरेपर्यंत आम्ही तिघं गप्प उभे.
दोनशे वीस जास्त.

हाल्वरने पंप काढला.
स्प्रिंगांत हवेच्या पिशव्या बसवल्या होत्या त्याने,
त्या फुगवल्या, फुस्स फुस्स, दहा मिनिटं.
ट्रकची पाठ ताठ झाली.
"बघ, सपाट."
मी काचेवर टकटक केलं. आकडा तोच.
वाकला होता तोवर निदान खरं तरी सांगत होता.

"ऐरण ट्रेलरच्या मागच्या टोकाला टाकली तर?"
सिग्ने हुशार आहे. हुकावरचा भार कमी झाला असता.
पण मागे जड झालेला ट्रेलर वाऱ्यात डोलायला लागतो,
आणि एकदा डोलायला लागला
की पुढचा ट्रक त्याच्यामागे जातो.
असा एक मी पाहिलाय. गवतात चाकं वर.

मग हिशेब: गवताचे चार गठ्ठे, खोगीर,
हुकाचं लोखंड, कुत्रं पंचेचाळीस,
सिग्ने एकशे चाळीस.
"मी दोनशे दहा," हाल्वर म्हणाला,
"मीच राहतो की इथे."
हसला. कुणी हसलं नाही.
सिग्ने बोटाने दाराची धूळ पुसत राहिली.
म्हणाली, "तुम्ही नसलात तर
टॅन्सी ट्रेलरमधून उतरणार नाही, बाबा."

तो मागे गेला.
ऐरण उचलू लागायला गेले तर मला हात लावू देईना.
छातीशी धरून आणली, नुकतं जन्मलेलं वासरू आणावं तशी,
आणि माझ्या दाराशी ठेवली.
वर एक गवताचा गठ्ठा. "हा तुझ्या बकऱ्यांना."
मला बकऱ्या नाहीत.

पावतीचे बारा डॉलर घेतले. नियम आहे.
हवा सोडली. ट्रक थोडासाच बसला.
दिवे कबुतरांवरून उतरत उतरत
रस्त्यावर आले, पांढऱ्या रेघेवर.
"मार्चमध्ये नेतो," तो खिडकीतून ओरडला.

तीन मार्च गेले.
वसंतात सरकारी तपासनीस यायच्या आधी
मी ऐरण ढकलत काट्यावर नेते.
तिच्या अंगावर कोरलंय, एकशे अठ्ठ्याहत्तर.
काटा म्हणतो, एकशे ऐंशी.
त्याला तेवढंच सांगता येतं.
खाली ठेवताना दरवेळी एकदा वाजते,
आणि कोठारावरची कबुतरं उडतात.